ओझ्यावरचं शून्य

बारामतीच्या शाळेत मराठी शिकवायला मी रुजू झालो तेव्हा डिसेंबर चालू होता. शिक्षकांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. मी कोटाची कॉलर वर केली आणि म्हणालो, "दार लावू का? थंडी आत येतेय." कोपऱ्यातून आवाज आला, "थंडी येत नसते." तिकडं पाहिलं तर एक किडकिडीत गृहस्थ बसलेले, डोक्यावर काळी टोपी, बाह्यांना खडू. वहीतून मान वर न काढता ते पुढं म्हणाले, थंडी नावाची वस्तू जगात नाही, आतली उष्णता बाहेर जातेय. मी म्हटलं, बरं, मग लावू का दार? ते म्हणाले, कशासाठी? शेवटी इतिहासाच्या मास्तरांना माझी दया आली. त्यांनी हळूच सांगितलं, की आतली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून लावतो असं म्हणा, नाहीतर शाळा सुटेपर्यंत कुडकुडत बसाल. मी तसं म्हणालो. मग ते गृहस्थ स्वतः उठले आणि त्यांनी दार लावलं.

हे आमचे शास्त्राचे मास्तर. त्या दिवशी मी त्यांच्यावर जो चिडलो तो पुढं सहा-सात वर्षं चिडलेलाच होतो, आणि आज ते नाहीत तर मला करमत नाही. शब्द त्यांच्या लेखी प्रयोगशाळेतल्या बाटल्यांसारखे होते. बाहेर चिठ्ठी एक, आत द्रव्य एक. मोरचुदाच्या बाटलीत कुणी मीठ भरून ठेवावं तसं माणसं शब्दांत भलतंच भरतात, अशी त्यांची कायमची तक्रार होती.

आठवड्याच्या बाजारात ते भाजी घेत तेव्हा मी शक्यतो लांब उभा राहत असे. एकदा एका म्हातारीनं वांग्यांचं वजन केलं, तर मास्तर म्हणाले, बाई, हे वजन नव्हे, हे वस्तुमान. तराजूत वस्तुमान कळतं. वजन म्हणजे पृथ्वी वांग्याला किती ओढते ते. हीच वांगी आणि हाच तराजू चंद्रावर नेलात तर वजन घटेल, पण तराजू एवढीच वांगी दाखवील. म्हातारी पदर सावरत म्हणाली, "तितं बी बाजार भरतो व्हय?" मास्तरांनी गंभीरपणे सांगितलं, की अद्याप नाही. तिनं दोन वांगी वर टाकली. वेड्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवू नये असं तिला वाटलं असावं.

त्यांच्या मंडळींनी मात्र त्यांना बरोबर ओळखलं होतं. अंगात ताप आहे असं त्या कधीच म्हणत नसत, कारण ताप प्रत्येकाच्या अंगात असतो, किती ते सांग, असं उत्तर मिळायचं. त्या म्हणायच्या, "तुमच्यापेक्षा जास्त आहे." एवढं ऐकलं की मास्तर धावत वैद्याकडं जात.

पुढं काही दिवस त्यांची बदली इंदापूरला झाली होती. तिकडून येताना निमगाव केतकीला एस.टी.त गर्दी वाढली आणि कंडक्टर म्हणाला, मास्तर, पुढं सरका. मास्तरांनी विचारलं, गाडीच्या पुढं की गावाच्या पुढं? कारण गाडीत मागं सरकलो तरी गावाच्या मानानं आपण पुढंच चाललोय. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली आणि त्यांना खाली उतरवलं. पुढच्या गाडीनं ते आले. म्हणाले, त्यानं प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, पण मला गावाच्या संदर्भात स्थिर करून टाकलं.

पण ज्या शब्दावरून गावभर रामायण झालं तो शब्द कार्य. इतर लोक कार्य म्हणजे लग्न समजतात, मुंज समजतात. मास्तरांच्या पुस्तकात कार्य म्हणजे जोर गुणिले अंतर, आणि तेही जोराच्याच दिशेनं तोडलेलं अंतर. भिंतीला दिवसभर धक्के मारा, भिंत हलली नाही तर कार्य शून्य. इतिहासाच्या मास्तरांच्या बहिणीचं लग्न ठरलं आणि ते आमंत्रण द्यायला आले, "घरी कार्य आहे, यायचं." शास्त्राच्या मास्तरांनी विचारलं, काय हलणार आहे? इतिहासाचे मास्तर तीन दिवस बोलले नाहीत. लग्नाला मात्र शास्त्राचे मास्तर सगळ्यांच्या आधी हजर. मुलगी लोणी भापकरला सासरी निघाली, सगळे डोळे पुसत होते, आणि हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आता झालं बघा कार्य." त्यांचेही डोळे ओले होते, हे मी मुद्दाम सांगतो.

मास्तर मुलांना टिपणं लिहून देत आणि त्यांची भाषा सुधारायचं काम हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. मास्तरांचं मराठी म्हणजे नुसता छळ. 'पाणी तापवले असता पाण्याची वाफ होते व ती वाफ म्हणजे पाणीच होय.' मी त्याचं केलं, 'तापवल्यावर पाण्याची वाफ होते.' त्यांनी कागदावर बोट ठेवलं. म्हणाले, वाफ म्हणजे पाणीच, हे गेलं. मी म्हटलं, ते कळतंच की. त्यांनी विचारलं, "कुणाला?" पण पुढं वाद घातला नाही. ज्याचा विषय त्यानं बघावा असं त्यांचं मत होतं, आणि मराठी माझा विषय होता. मी सुधारलेला कागद ते पुन्हा वाचतसुद्धा नसत, खाली सही करून टाकत. मला त्याचा फार अभिमान होता. एखादा शब्द कापला की मला जेवल्यासारखं वाटायचं.

आता ओट्याचं सांगतो. गुळाच्या बाजारातून रेल्वे स्टेशनाकडं जाणारा रस्ता सपाट आहे. त्या वाटेच्या बरोबर मध्यावर एक दगडी ओटा होता, माणसाच्या डोक्याएवढा उंच. बसायच्या कामाचा नाही, चढायच्या कामाचा नाही. हमाल गुळाची ढेप डोक्यावर घेऊन यायचा, ओट्याला पाठ करायचा, मान जराशी मागं कलती करायचा आणि ढेप आपोआप ओट्यावर सरकायची. वाकायला नको, कुणाला हात लाव म्हणायला नको. पाच मिनिटं टेकायचं, पाणी प्यायचं, पुन्हा मान ओट्याला लावून ढेप डोक्यावर ओढायची आणि चालू पडायचं. तो ओटा नसता तर ढेप जमिनीवर उतरवावी लागली असती, आणि जमिनीवरची ढेप पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरा माणूस लागला असता.

आबाशेट नावाच्या अडत व्यापाऱ्यानं नेमकं त्या ओट्यामागं नवं दुकान बांधलं. ओट्यानं दुकानाचं तोंड झाकलं जाई आणि सदान्‌कदा दारात घामेजलेले हमाल उभे. ओटा पाडायचा हे आबाशेटच्या मनानं घेतलं. बाजाराचे पंच मात्र हमालांच्या विसाव्याला हात लावायला तयार नव्हते. अशात एक दिवस मास्तर आबाशेटकडं गूळ घ्यायला गेले. आबाशेट कुरकुरत होते, की हमाल एवढंसं काम करतात आणि घडोघडी थांबतात. मास्तरांनी सवयीनं सांगितलं, की शास्त्राप्रमाणे सपाट रस्त्यावर ते कार्य करतच नाहीत. जोर वरच्या दिशेनं, चालणं आडवं. शून्य.

आजवर मास्तरांचं असलं बोलणं ऐकून लोक हसत किंवा उठून जात. आबाशेट हसले नाहीत. त्यांनी गादीवर जागा करून दिली आणि म्हणाले, "मास्तर, एवढं लिवून द्या की." मास्तरांना इतका आनंद झाला की ते गूळ तिथंच विसरून माझ्याकडं आले. बाजारात एक माणूस शास्त्र समजून घ्यायला निघाला होता. त्यांनी लिहिलं होतं, 'सपाट रस्त्यावरून डोक्यावर ओझे वाहून नेणारा मनुष्य त्या ओझ्यावर कोणतेही कार्य करीत नाही.' मी वाचलं. एका वाक्यात ओझं दोनदा. दाताखाली खडा यावा तसं कानाला झालं. मी 'त्या ओझ्यावर' एवढं काढलं, स्वच्छ अक्षरात नवा कागद केला, मास्तरांनी न वाचता सही केली आणि ते कौतुकानं आबाशेटला देऊन आले.

आबाशेटनं तो कागद बंडीच्या खिशात घातला आणि पंचांकडं अर्ज केला. जो काम करत नाही त्याला विसावा कशाला? ओटा पाडायची परवानगी द्यावी. पंचांनी येत्या रविवारी बैठक ठेवली.

हमालांच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनी भांडण केलं नाही. त्यांचे मुकादम तात्या हे शांत डोक्याचे गृहस्थ. उंच, मान बैलासारखी रुंद. शास्त्राप्रमाणे कार्य कशात आहे याची त्यांनी चौकशी केली. कुणीतरी सांगितलं, उचलण्यात आहे, चालण्यात नाही. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाजारातले झाडून सगळे हमाल जागच्या जागी ढेपा उचलायला लागले. उचलायची, डोक्यावर घ्यायची, खाली ठेवायची. पुन्हा उचलायची. एक ढेप स्टेशनाकडं हलली नाही. दौंडची गाडी आली, शिट्टी मारून रिकामी गेली. आबाशेट विचारायला गेले तर तात्या म्हणाले, तुमच्या कागदाबरहुकूम काम चाललंय, ज्यात काम न्हाय त्ये चालनं बंद केलंय.

आबाशेट शाळेत धावत आले. मास्तर मधल्या सुट्टीत बाजारात गेले, त्यांच्यामागं मी. मला वाटलं, आता हे हमालांची समजूत घालतील. मास्तरांनी थोडा वेळ निरीक्षण केलं आणि म्हणाले, तात्या, यातही चूक होते आहे. उचलताना जेवढं कार्य झालं तेवढं खाली ठेवताना वजा झालं. बेरीज पुन्हा शून्य. हमाल एकमेकांकडं बघायला लागले. सकाळपासून घामानं निथळत होते बिचारे. तात्यांनी ढेप खाली ठेवली, पटक्याच्या शेवानं मान पुसली आणि विचारलं, "मास्तर, चाललो तरी शून्य, उचललं तरी शून्य. मग मानूस दमतो कशानं?"

शाळेची घंटा झाली तरी मास्तर हलेनात. शेवटी मी दंडाला धरून त्यांना परत आणलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "वीस वर्षं शिकवतोय. एकाही मुलानं हे विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

दोन दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात प्रयोग झाला. मास्तरांनी उपरण्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि शिपायानं व मी मिळून तिच्यावर एक ढेप चढवली. काखेत थर्मामीटर. नाडी मोजायला शिपाई, आकडे टिपायला मी. हेडमास्तर खिडकीतून बघत होते, पण बाहेर आले नाहीत. मास्तर ताठ उभे राहून सांगत होते, लिहा, ढेप जागेवर आहे, कार्य शून्य. पुन्हा लिहा, शून्य. मग नुसतंच शून्य. मग ओठ हलताना दिसायचे. गुळाच्या वासानं कुठून तरी मुंगळे आले आणि त्यांच्या धोतरावरून चढायला लागले. मी झटकू का म्हणून विचारलं, तर डोळ्यांनीच नको म्हणाले. प्रयोगात बाहेरचा जोर लागता कामा नये. त्यांचे पाय लटलट कापायला लागले, टोपीच्या जागी घामाची धार लागली, आणि शाळेतली सगळी मुलं भोवती गोळा झाली होती. घड्याळात बारा मिनिटं झाली तेव्हा आम्ही ढेप जवळजवळ हिसकावूनच घेतली.

ते भिंतीला टेकून खाली बसले. पाणी प्यायले. थर्मामीटर बघून शिपायाला म्हणाले, सकाळच्या दोन भाकरी कुठं गेल्या ते सापडलं. ढेपेला त्यातला एक घास मिळाला नाही. सगळ्या माझ्याच अंगात जळाल्या. मग उठून वर्गात गेले आणि फळ्यावर लिहिलं, 'ओझ्यावर कार्य शून्य.' आणि 'ओझ्यावर' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. मला म्हणाले, "बघा, पुस्तकातलं शून्य ओझ्याच्या बाजूचं आहे. माणसाची बाजू त्यात धरलेलीच नाही. नशीब, आपल्या कागदात मी हा शब्द घातलाय. रविवारी पंचांना तेवढाच दाखवायचा, ओटा वाचतो."

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, हो, छान.

रविवारी सकाळी बैठक ओट्यापाशीच भरली. पंचांत सगळ्यात वडीलधारे अण्णा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेले, अतिशय न्यायी गृहस्थ. एका बाजूला हमाल उकिडवे बसलेले, दुसऱ्या बाजूला आबाशेट आणि पहारी घेतलेले त्यांचे चार गडी. अण्णांनी कागद मोठ्यानं वाचला. 'सपाट रस्त्यावरून डोक्यावर ओझे वाहून नेणारा मनुष्य कोणतेही कार्य करीत नाही.'

मास्तर चटकन उठले. "यात एक शब्द कमी आहे."

"सही तुमचीच हाय न्हवं?" आबाशेटनं विचारलं.

मास्तरांनी कागद हातात घेतला. माझं अक्षर त्यांनी ओळखलं, वाक्य वाचलं, आणि माझ्याकडं न बघता कागद परत दिला. म्हणाले, सही माझीच आहे. एवढंच. माझं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उभा राहिलो. शब्द मी काढला, असं सांगितलं. अण्णांनी विचारलं, का काढला? मी म्हणालो, वाक्यात ओझं दोनदा येत होतं, कानाला बरं वाटत नव्हतं. अण्णा बाकीच्या पंचांकडं वळून म्हणाले, कानाला म्हंत्यात. हमालांतलं कुणी हसलं नाही. ते माझ्याकडं नुसते बघत होते, आणि ते बघणं मला अजून सोसत नाही.

पंचांनी आपसांत कुजबुज केली. अण्णा म्हणाले, गुरुजींचं काढणं-घालणं आमाला कळत न्हाय, पण सही झालेल्या कागदात माघारी शब्द घालता येत न्हाय. गडी पहारी सावरून पुढं झाले.

तेव्हा मास्तर म्हणाले, "ठीक आहे. कागद मला मान्य आहे. पण पंचांनी तो समजून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये. मी समजावून सांगतो. तोवर आबाशेटनी एक ढेप डोक्यावर घेऊन इथं उभं राहावं. काम काहीच नाही, त्यांच्याच कागदात तसं लिहिलंय."

अण्णांना यात काही गैर दिसेना. आबाशेटना नाही म्हणता येईना, कारण नाही म्हणणं म्हणजे काम आहे असं कबूल करणं. तात्यांनी स्वतः चुंबळ करून दिली, दोघांनी ढेप चढवली आणि मास्तरांनी सुरुवात केली. आधी जोर म्हणजे काय. मग दिशा म्हणजे काय. खडू नव्हता म्हणून धुळीत काठीनं बाण काढले. दर वाक्याला ते विचारायचे, अण्णा, कळलं का? आणि अण्णा न्यायी असल्यामुळं खरं सांगायचे, न्हाय बा, पुन्यांदा सांगा. मास्तर पुन्हा पहिल्यापासून सांगत. मी सहा-सात वर्षांत त्यांना इतकं सावकाश शिकवताना पाहिलं नाही.

आबाशेटची मान आधी लाल झाली. मग घाम डोळ्यांत उतरला, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांनी दोनदा विचारलं, झालं का मास्तर? मास्तर म्हणाले, आता अंतराकडं येऊ. आबाशेटचे गुडघे हलायला लागले. मग ते डोळे मिटून चार पावलं चालले, ओट्याला पाठ केली, मान मागं कलती केली आणि ढेप ओट्यावर सरकवली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ओट्याला टेकून ते धापा टाकत राहिले.

मास्तर बोलायचे थांबले. अण्णांनी चष्मा काढला, गड्यांना पहारी दुकानात ठेवून यायला सांगितलं आणि पंच उठले. निकाल असा कुणी वाचलाच नाही.

तात्यांनी घागरीतलं पाणी तांब्यात घेऊन आबाशेटच्या हातात दिलं. "बसा शेट," ते म्हणाले, "दमला तुमी." आबाशेट खाली बसले आणि गटागटा पाणी प्यायले.

मास्तर तात्यांच्या समोर येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. म्हणाले, "तात्या, माणूस दमतो कशानं, हे मी थर्मामीटर लावून शोधत बसलो. आधी तुम्हालाच विचारायला पाहिजे होतं."

"आमाला कोन इचारतंय, मास्तर," तात्या म्हणाले, आणि ओट्याला मान लावून आबाशेटची ढेप डोक्यावर ओढून घेऊन स्टेशनाकडं चालू लागले.